मानेचा ‘कट्ट’

अंबाजोगाई

चि. वैभव यास अनेक आशीर्वाद.

घरच्या ग्रुपवर तू टाकलेला कायरोप्रॅक्टिकचा, म्हणजे हातानं मणक्यांना हिसका देऊन दुखणं घालवायचा, व्हिडिओ पाहिला. टेबलावर झोपलेला माणूस, मानेला हिसका, ‘कट्ट’, अन् लगेच चेहऱ्यावर हसू. तुझ्या आईनं चारदा लावला आणि चारही वेळा स्वतःचीच मान धरली. खाली तू लिहिलंस, ‘रविवारची अपॉइंटमेंट घेतली.’ फोनवर तू ‘हो नाना, हो नाना’ म्हणतोस अन् करायचं तेच करतोस, म्हणून लिहितोय.

एसटीचं स्टिअरिंग मी २८ वर्षं धरलं. कमरेत उसण भरली की गल्लीतल्या पायाळू म्हातारीपुढं पालथा पडायचो. ती तीनदा पाय लावायची, कपभर चहा घ्यायची. बरं वाटायचं. उसण तशीही आठ-पंधरा दिवसांत आपोआप ओसरते, हे मागाहून कळलं. पण नाही वाटलं तर दुसऱ्या दिवशी मी वाकडा होऊन डेपोला निघालेला साऱ्या गल्लीला दिसायचो, म्हातारीलासुद्धा. तुझ्या व्हिडिओत दुसरा दिवसच नाही.

सुमनआत्याची पोरगी फिजिओथेरपीला आहे ना, तिला विचारलं. ती म्हणाली, मामा, तो ‘कट्ट’ म्हणजे हाड जागेवर बसल्याचा आवाज नव्हे. सांध्यातल्या पातळ वंगणात वायूची पोकळी तयार होते, त्याचा तो आवाज. बोटं मोडताना येतो तसाच. ही कायरोप्रॅक्टिक विद्या डी. डी. पामर नावाच्या माणसानं १८९५ मध्ये अमेरिकेत आयोवातल्या डेव्हनपोर्टला काढली. मणका दाबून एका सफाई कामगाराचा बहिरेपणा घालवला, असा त्याचा दावा. म्हणजे पहिली जाहिरातसुद्धा अशीच, एका हिसक्यात गुण! कंबरदुखीला थोडा आराम पडतो म्हणे, पण व्यायामानंही साधारण तेवढाच पडतो.

मानेचं मात्र तिनं करून दाखवलं. प्लास्टिकच्या मणक्यांना बाजूला बारीक छिद्रं असतात, त्यांतून तिनं लाल दोरा ओवला. मेंदूला रक्त नेणारी धमनी अशीच वर जाते. जोराच्या हिसक्यानं तिचं अस्तर फाटलं तर गुठळी होऊन लकवा मारू शकतो. क्वचित होतं, पण ज्याला होतं तो कमेंट लिहायला येत नाही. अपॉइंटमेंट रद्द कर, हाडांच्या डॉक्टरला मान दाखव, अन् तो लॅपटॉप मांडीवरून टेबलावर घे.

आता एक गोष्ट, जी तुला सांगितली नव्हती. उन्हाळ्यात तुझ्या आईनं असाच व्हिडिओ पाहून गुडघ्याचं चूर्ण मागवलं. ‘शंभर टक्के आयुर्वेदिक’, १,८०० रुपये. चौथ्या दिवशी बाई गच्चीवर पापड वाळत घालायला चढली! त्याच आनंदात व्हिडिओखाली लिहून आली, ‘खूप गुण आला, धन्यवाद.’ दोन महिन्यांत तोंड सुजलं, साखर ३४० वर गेली. डॉक्टरांनी पुडी पाहिली अन् म्हणाले, यात स्टेरॉइड असणार. एकदम बंद करू नका, मी सांगतो तसं कमी करा. आता साखर उतरलीय, गुडघा पुन्हा दुखतोय.

तिची ती कमेंट अजून तिथंच आहे. खाली लोक विचारतात, ‘ताई, कुठून मागवलं?’ काढायची कशी ते आम्हा दोघांनाही येत नाही. दिवाळीला आलास की आधी ती काढून दे.

तुझे,
नाना