समुईच्या किनाऱ्यावरच्या काका-काकूंचे आभार

मी थायलंडमध्ये शाळेत शिकवते. एप्रिलमध्ये सोंगक्रानच्या, म्हणजे थाई नववर्षाच्या सुट्टीत निवांत पडून राहायचं म्हणून एकटीच कोह समुई बेटावर गेले होते. दुसऱ्याच दिवशी पोहताना पायाला जेलीफिश डसली. पायाची नुसती आग आग झाली. मी वाळूने चोळायला लागले, तोच मागून मराठीत आवाज आला, "अगं, चोळू नकोस!"

आपल्या नाशिकचेच, पंचवटीतले काका-काकू होते ते! तिथे किनाऱ्यावर खांबाला व्हिनेगरची बाटली लावलेली असते, अशाच वेळेसाठी. काकांनी ती धावत आणून अर्धा मिनिट सावकाश पायावर ओतली आणि गाडी करून मला दवाखान्यात नेलं. काकू तीन तास माझा हात धरून बसल्या होत्या. त्यांची परतीची बोट त्यात चुकली, हे मला नंतर कळलं. माझ्याच फोनवरून त्या आईशी बोलल्या, "पोरगी ठीक आहे, आम्ही आहोत ना इथे." जाताना पिशवीतला उरलेला चिवडाही माझ्यापाशी ठेवून गेल्या.

घाईत नंबर घ्यायचा राहिला. सध्या मी नाशिकरोडला घरी आलेय. काका, काकू, खूप खूप आभार. हे वाचलंत तर जेवायला या, आई वाट बघतेय.