बाबांना, गोल्ड हिलच्या गाडीबद्दल

रेनो, नेवाडा
ता. १५ सप्टेंबर

तीर्थरूप बाबा व आईस शिरसाष्टांग नमस्कार.

मी खुशाल आहे. हे आधी लिहिते, नाहीतर आईचा जीव पुढच्या ओळीवर जाणार नाही.

बाबा, फोनवर तुम्हाला माझं निम्मं बोलणं ऐकू येत नाही. तुम्ही 'बरं, बरं' म्हणता आणि फोन आईकडे देता. आजची गोष्ट मात्र मला तुम्हालाच सांगायची आहे, अर्धवट नको, म्हणून कागदावर लिहितेय. डोळ्याला अजून ताण द्यायचा नसेल तर ताईकडून वाचून घ्या.

शनिवारी मी वाफेच्या गाडीत बसले!

आईचे प्रश्न इथूनच मला ऐकू येतात. एकटी नव्हते. वर्गातल्या दोघी बरोबर होत्या आणि मोटार हैदराबादची मुलगी चालवत होती, तिचा हात चांगला आहे. घाट वळणाचा आहे, पण आपल्या सेमाडोहच्या घाटापेक्षा रुंद. धुराचं तू टीव्हीवर पाहिलंस ते कॅलिफोर्नियाच्या जंगलातलं, इथे त्या दिवशी आभाळ स्वच्छ होतं. स्वेटर नेला होता. डब्यात पोळी आणि शेंगदाण्याची चटणी होती. तिकिटाचे पैसे महिन्याच्या खर्चातून वाचवलेले, घरी पाठवायच्या पैशाला हात लावलेला नाही.

रेनोहून पाऊण तासावर डोंगरात व्हर्जिनिया सिटी नावाचं गाव आहे, सहा हजार फुटांच्या वर. झाडं तुरळक, सगळे तपकिरी डोंगर आणि त्यांवर मोकाट घोडे. १८५९ साली इथे चांदीची मोठी शीर सापडली, तिला कॉमस्टॉक म्हणतात. आमच्या पुस्तकात तिचा धडाच आहे. बघता बघता पंचवीस हजारांची वस्ती झाली. आज तिथे हजार माणसंही राहत नाहीत. खाली लागूनच गोल्ड हिल, तेही खाणीचं गाव. या दोन गावांमध्ये ती गाडी चालते, व्हर्जिनिया अँड ट्रकी तिचं नाव. जाऊन-येऊन जेमतेम पस्तीस मिनिटं. तुम्ही गार्ड म्हणून आपल्या शकुंतला गाडीवर करायचात त्या मुर्तिजापूर फेरीच्या मानानं काहीच नाही, पण ऐका.

रूळ मोठे आहेत, आपल्या शकुंतलेसारखे अडीच फुटी नाहीत. इंजिन २९ नंबरचं, १९१६ साली फिलाडेल्फियाच्या बाल्डविन कारखान्यात बनलेलं. म्हणजे तुमच्या मँचेस्टरच्या इंजिनापेक्षा पाच वर्षांनी मोठं. पुढे दोन लहान चाकं, मागे आठ मोठी. बाबा, मी आयुष्यभर शकुंतलेचं डिझेलच पाहिलं. १९९४ च्या आधीचं तुम्ही जे सांगायचात, की वाफ सुटताना ती श्वास टाकल्यासारखी वाटते, ते मला खरं वाटायचं पण कळायचं नाही. परवा कळलं. मी इंजिनाजवळ उभी होते, उष्ण वाफ पायांवरून गेली, आणि मला अंजनगावच्या फलाटावर हिरवी झेंडी घेतलेले तुम्ही दिसलात.

आम्ही उघड्या डब्यात बसलो. इथे गार्डाला कंडक्टर म्हणतात. तो तिकीट बघतो आणि सगळ्या वाटेनं इतिहासही सांगतो. कुठे कोणती खाण होती, कुठे दगड कुटायच्या गिरण्या होत्या. मध्ये एक बोगदा आहे, चार नंबरचा. आत शिरल्यावर सगळे एकदम गप्प झाले, नुसता चाकांचा आवाज. बाहेर आल्यावर उजेडात डोळे मिटावे लागले. गोल्ड हिलचं स्टेशन १८७२ सालचं, लाकडी, अजून उभं आहे.

आता ज्यासाठी पत्र लिहायला बसले ते.

ही लाइन १८६९ साली बांधायला घेतली. कष्ट बहुतेक चिनी मजुरांचे. खाणीतला दगड खाली कार्सन नदीवरच्या गिरण्यांपर्यंत न्यायला बैलगाड्या आणि खेचरं लागायची, त्यात सगळा फायदा जायचा. म्हणून गाडी. आपल्याकडे कापसासाठी झाली, इथे चांदीसाठी. नदीकडून वर येताना सोळाशे फूट चढ, आणि वळणं इतकी की सगळी जोडली तर सतरा पूर्ण गोल होतील असं सांगतात. मग चांदी सरली. १९३८ साली व्हर्जिनिया सिटीची गाडी बंद झाली आणि नंतर रूळही उखडून नेले. १९५० साली खालची उरलेली लाइनही बंद. बाबा, रूळ उखडले होते. दगडी भराव तेवढा राहिला होता. तरी १९७६ च्या सुमारास एका माणसानं पुन्हा थोडे थोडे रूळ टाकायला सुरुवात केली, आणि पुढे सरकारनं समिती नेमून खालची बाजूही बांधली. २००९ साली कार्सन सिटीच्या बाजूनं गाडी परत वर आली.

आपले रूळ तर अजून जागेवर आहेत, गवतात असले तरी. तुम्ही संध्याकाळी रिकाम्या स्टेशनवर जाऊन बसता म्हणून आई रागावते. आई, त्यांना बसू दे.

आई, आता तुला गावातला एक प्रकार सांगते, आणि तो नीट सांगावा लागेल, नाहीतर तू म्हणशील मुलगी काहीतरी बडबडतेय. तिथे उंटांची शर्यत होती. दर वर्षी सप्टेंबरात असते. माणसं उंटावर बसतात, बहुतेकांनी आयुष्यात उंट पहिल्यांदाच जवळून पाहिलेला असतो, आणि ते उंट मैदानात वाटेल तिकडे पळतात. एखादा मध्येच थांबतो. शहामृगही पळवतात. पण कोणी हसण्यावारी नेत नाही, लोक दूरदूरहून येऊन तिकीट काढून बसतात. याचं मूळ असं: १९५९ साली इथल्या वर्तमानपत्राच्या संपादकानं उंटांच्या शर्यतीची साफ खोटी बातमी छापली. पुढच्या वर्षी सॅन फ्रान्सिस्कोचं एक वर्तमानपत्र खरेच उंट घेऊन हजर झालं आणि शर्यत घ्यावी लागली. तेव्हापासून चालूच आहे. तू विचारशील, उंट इथे कुठून? तर १८६० नंतर खरोखर उंट आणले होते, वाळवंटातून मीठ वाहायला. चांदीच्या दगडातून चांदी सोडवायला तेव्हा मीठ आणि पारा लागायचा. पण उंट दिसला की घोडे-खेचरं बुजायची, म्हणून १८७५ साली नेवाडात रस्त्यावर उंट मोकळा सोडायला कायद्यानं बंदी आली. म्हणजे आधी उंट खरे, मग उंटांना बंदी, मग उंटांची खोटी बातमी, आणि आता पुन्हा खरे उंट. मला रबाऱ्यांची आठवण झाली. उन्हाळ्यात मेंढ्या घेऊन आपल्या वावरात बसायचे, त्यांच्या उंटांच्या पाठीवर खाट आणि खाटेवर लेकरं. तू त्यांच्या बायकांना ताक द्यायचीस. मैत्रिणींना हे सांगितलं तर त्यांना उंटांच्या शर्यतीपेक्षा तेच नवलाचं वाटलं.

महालक्ष्म्यांना मी नव्हते. आंबील आणि सोळा भाज्यांचा फोटो ताईनं पाठवला. मी इथे पुरण केलं होतं, बरं झालं होतं. पुढच्या वर्षी मुखवटे मीच पुसणार, ते काम कोणाला देऊ नका.

आता बाकीचं. डिसेंबरात पदवी हातात येईल. एल्कोला, इथून चार-साडेचार तासांवर, सोन्याच्या खाणीत नोकरीचं पत्र आलं आहे, जानेवारीत रुजू व्हायचं. थंडी जास्त असते तिथे, पण राहायला कंपनी मदत करते आणि खाणीत खाली उतरायचं नाही, माझं काम प्रयोगशाळेत आहे. पगारातला अर्धा थेट कर्जात जाईल. दोन वर्षांत वावराचा कागद बँकेतून सुटेल, असा हिशेब मी तीनदा करून पाहिला आहे. ऑपरेशनसाठी पाठवलेले तीस हजार पोचले का ते ताईनं कळवलं नाही. कमी पडले असतील तर भाऊकाकांकडून घेऊ नका, मला सांगा.

यामुळे दिवाळीला येणं जमत नाही. तिकिटाचे पैसे आणि परीक्षा, दोन्ही आड येतात. हे फोनवर सांगवलं नाही, म्हणून पत्राच्या शेवटी लिहिते.

अकोल्याच्या स्थळाचं: मुलाशी मी बोलेन. रविवारी सकाळी, तुमच्या वेळेनं. पण त्यांना दिवाळीपर्यंत होकार हवा असेल तर माझा नकार समजावा. कर्ज फिटेपर्यंत मी नोकरी सोडणार नाही, हे त्यांना आधीच स्पष्ट सांगा. आई, गावात लोक काय म्हणतात ते मला माहीत आहे. तुझ्या मनातलंही माहीत आहे. मुलगा चांगला असेल, मी त्याला नावं ठेवत नाही. फक्त बाबांनी आयुष्यभर पै-पै करून घेतलेलं वावर माझ्यासाठी गहाण पडलंय, ते तसंच ठेवून मला मांडवात उभं राहता येणार नाही.

सोबत गाडीचं तिकीट पाठवते. कंडक्टरनं भोक पाडलेलं आहे, बाबा, तुमच्या पंचचं गोल असायचं, याचं वेगळं आहे. बघा.

आजीला नमस्कार, ताईच्या लेकरांना पापा.

तुमची,
छोटी

ता. क. – डोळ्यात थेंब दिवसातून चार वेळा, डॉक्टरांनी सांगितलं तितके दिवस. बरं वाटलं म्हणून मध्ये सोडू नका. आई, रात्रीचा थेंब तूच टाक, ते विसरतात.