ताशी नॉट नाही हो, नुसतं नॉट

संपादक साहेब, नमस्कार.

मागच्या आठवड्यात वादळाच्या बातमीत तुमच्याकडे परत 'ताशी 50 नॉट वेगाने वारे' छापून आलंय. चहा पिता पिता बायकोला वाचून दाखवलं तर म्हणाली, तुम्ही पेपर वाचता की तपासता! पण 26 वर्षं बोटीवर काढल्यावर असलं डोळ्याला खुपतंच. एक नॉट म्हणजे तासाला एक सागरी मैल, म्हणजे 1852 मीटर. तास त्याच्या पोटातच आहे, वर परत ताशी लावलं की पिवळा पितांबर झाला की हो.

नॉट म्हणजे खरोखरची गाठ. जुन्या शिडाच्या जहाजांवर लॉग म्हणजे लाकडाची एक फळी दोरीला बांधून मागून पाण्यात सोडायचे, फळी जागच्या जागी तरंगत राहायची आणि जहाज पुढे जाईल तशी दोरी सरसर सुटायची, दोरीला साधारण 47 फूट 3 इंचावर एकेक गाठ, शेजारी एकजण 28 सेकंदांचं वाळूचं घड्याळ धरून उभा, वाळू संपली की दोरी धरायची, जेवढ्या गाठी हातातून गेल्या तेवढे नॉट. हा आकडा ज्या वहीत जायचा ती लॉगबुक. आणि आता नातू मोबाईल घेऊन येतो, आजोबा लॉगिन होत नाहीये! त्याला म्हटलं अरे ते लाकूड आहे, तर पोरगं हसतंय.

स्टारबोर्ड, म्हणजे जहाजाची उजवी बाजू, याचंही तेच, ताऱ्यांशी काही संबंध नाही. जुन्या इंग्रजीत त्याचा अर्थ सुकाणूच्या वल्ह्याची बाजू, ते वल्हं उजवीकडे असायचं म्हणून जहाज धक्क्याला डावीकडून लावायचे. डाव्या बाजूला आधी लारबोर्ड म्हणायचे पण वाऱ्यात ओरडून सांगताना लार आणि स्टार सारखंच ऐकू येणार ना, शेवटी 1844 मध्ये ब्रिटिश नौदलाने हुकूमच काढला, पोर्ट म्हणा.

यावरून आठवलं, आमच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर दर महिन्याला कुणीतरी पाठवतं की पॉश शब्द मुंबईला येणाऱ्या गोऱ्या साहेबांच्या तिकिटावरून आला, इकडे येताना पोर्टची केबिन आणि परत जाताना स्टारबोर्डची, कारण सावली, म्हणून 'पोर्ट आउट, स्टारबोर्ड होम'ची पहिली अक्षरं. गोष्ट झकास आहे पण तसा शिक्का असलेलं एकही तिकीट आजवर सापडलेलं नाही. कृपा करून पुरवणीत तरी छापू नका.

खरी गंमत गव्हर्नरमध्ये आहे, त्याचं मूळ ग्रीक-लॅटिनमध्ये सुकाणू धरणारा. आपण सुकाणू समिती म्हणतो तीच कल्पना, आणि आपलं सुकाणू तरी कुठे आपलं, ते अरबी सुक्कान.

असो. पुढचं वादळ येईल तेव्हा तेवढं 'ताशी' काढा. ताशी लिहायचंच असेल तर किलोमीटर लिहा, 50 नॉट म्हणजे साधारण 93.

आपला,
एक रिटायर्ड बोटवाला, रत्नागिरी