आकाशाच्या नकाशात ताऱ्यांचे वयही छापावे

महोदय,

आपल्या दैनिकात दर महिन्याला येणारा रात्रीच्या आकाशाचा नकाशा मी कापून ठेवते. मे महिन्यात तो घेऊन वाड्यातल्या मुलांना गच्चीवर नेले. सप्तर्षींच्या शेपटीची कमान तशीच पुढे नेली की नारिंगी स्वाती सापडते. सातवीतल्या एका मुलीने विचारले, ‘‘बाई, सूर्य मोठा की स्वाती? वयाने?’’ नकाशात अंतर होते, ३७ प्रकाशवर्षे. वय नव्हते.

मी ३१ वर्षे शाळेत रसायनशास्त्र शिकवले. मॅग्नेशियमची फीत पेटवली की वर्ग कसा गप्प होतो, ते आजही डोळ्यांसमोर आहे. पण मॅग्नेशियम आणि लोखंड यांच्या प्रमाणावरून ताऱ्याची पिढी ओळखता येते, हे मला निवृत्तीनंतर वाचायला मिळाले. माझ्या विद्यार्थ्यांना ते सांगता आले नाही, याची रुखरुख आहे.

मॅग्नेशियम प्रामुख्याने फार जड ताऱ्यांत तयार होते. असे तारे काही कोटी वर्षांतच स्फोट होऊन संपतात आणि ते वायूत मिसळते. लोखंडाचा मोठा वाटा मात्र श्वेतबटूंच्या, म्हणजे सूर्यासारखे तारे विझल्यावर उरणाऱ्या दाट गाभ्यांच्या, स्फोटांतून येतो आणि त्याला बराच उशीर लागतो, कधी अब्ज वर्षे. म्हणून आकाशगंगेच्या सुरुवातीच्या वायूतून जन्मलेल्या ताऱ्यांत लोखंडाच्या मानाने मॅग्नेशियम जास्त. दोन्हींच्या रेषा ताऱ्याच्या वर्णपटात दिसतात. स्वातीत लोखंड सूर्याच्या जेमतेम एक तृतीयांश आहे. मॅग्नेशियम तितके कमी नाही. तिचे वय सुमारे ७ अब्ज वर्षे, सूर्याचे ४.६ अब्ज. ती आपल्या आळीतली नव्हेच, शेजारून वेगाने चालली आहे. तिची जागा सरकल्याचे एडमंड हॅली यांनी १७१८ मध्येच जुन्या नोंदींशी ताडून दाखवले होते.

अशा हजारो ताऱ्यांची वये आणि रसायन एकत्र मांडले की आकाशगंगेचाच इतिहास उलगडतो. माओशेंग शियांग आणि हान्स-वाल्टर रिक्स या खगोलशास्त्रज्ञांनी २०२२ मध्ये सुमारे अडीच लाख ताऱ्यांची वये काढली. गाभ्यातला हायड्रोजन नुकताच संपलेले तारे त्यांनी मुद्दाम निवडले, कारण त्या टप्प्यावर तेजावरून वय नेमके काढता येते. आकाशगंगेची जाड तबकडी, म्हणजे तिच्या चकतीतला जुन्या ताऱ्यांचा जाडसर थर, १३ अब्ज वर्षांपूर्वी, महास्फोटानंतर अवघ्या ८० कोटी वर्षांत घडू लागली होती, असे त्यांना आढळले. आपल्याकडचे ईश्वर रेड्डी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनीही २००६ मध्ये याच जाड तबकडीतल्या १७६ संभाव्य ताऱ्यांचे रसायन तपासले होते. हे मराठी मुलांपर्यंत का पोहोचू नये?

विनंती एवढीच, की नकाशातल्या ठळक ताऱ्यांपुढे वय आणि लोखंडाचे प्रमाण द्यावे. वय नक्की नसेल तर ‘अमुक ते अमुक’ असे छापावे. मुलांना ते कळते. त्या मुलीने वहीत स्वातीपुढे ‘७ अब्ज’ लिहिले आहे आणि खाली अभिजितचा रकाना मोकळा ठेवला आहे. जुलैच्या नकाशात अभिजित येईलच.

— एक निवृत्त शिक्षिका, वाई