सांचीच्या कठड्यावरील नावे

कुरखेडा, जि. गडचिरोली
२ डिसेंबर

तीर्थरूप आई-बाबांस,
सविनय जय भीम.

धानाची चुरणी आटोपली असेल असे समजून निवांत लिहिते आहे. पीक बांधीत उभे असताना तुम्ही सांचीला येण्याचे नाकारले, याचे मला वाईट वाटले होते. परंतु तेथील गर्दी पाहिल्यावर ती बाबांच्या गुडघ्यांना झेपली नसती, हे पटले. बुद्धांचे प्रमुख शिष्य सारिपुत्त आणि महामोग्गलान यांच्या ज्या अस्थी १८५१ मध्ये उकरून पुढे इंग्लंडला नेल्या गेल्या होत्या, त्या परत आल्यावर १९५२ पासून टेकडीवरील नव्या विहारात आहेत आणि नोव्हेंबरअखेर दर्शनासाठी बाहेर काढल्या जातात. रांग लांबलचक आणि दर्शन क्षणभराचे, तरी समाधान झाले.

आई, महास्तूप दीक्षाभूमीसारखा आहे का, असे तू विचारले होतेस. दीक्षाभूमीचा घुमट आतून पोकळ असल्यामुळे आपण आत बसून वंदना घेतो. सांचीचा स्तूप मात्र भरीव आहे. अशोकाच्या काळातील विटांच्या स्तूपावर पुढील शतकात दगडाचे आवरण चढवून तो वाढवला, त्यामुळे आत जायला दारच नाही, केवळ प्रदक्षिणा घालायची. तोरणांवरील शिल्पांत तथागतांची मूर्ती नाही. रिकामे आसन, बोधिवृक्ष किंवा पावले दिसली की त्यांना ओळखायचे.

मी सर्वाधिक वेळ रेंगाळले ती दगडी कठड्यापाशी. त्यावर ब्राह्मी लिपीत दान देणाऱ्यांची नावे कोरलेली आहेत, आणि बहुतेक ओळी ‘दानं’ या शब्दाने संपतात. शेवटची तीच दोन अक्षरे पुन्हा पुन्हा येतात हे पाहून जेम्स प्रिन्सेप या इंग्रज अभ्यासकाने हा शब्द ताडला आणि १८३७ मध्ये त्या विस्मृत लिपीचे कोडे सुटले. दक्षिण तोरणावर विदिशेच्या हस्तिदंत कारागिरांचा लेख आहे. कठड्यावरच्या नावांत भिक्खुणी आहेत, गृहिणीही आहेत. काही जणींची ओळख ‘अमक्याची आई’ एवढीच असली, तरी पुष्कळ जणी स्वतःच्या नावाने उभ्या आहेत.

बाबा, तेथे मला आपल्या विहारातील वर्गणीदारांचा फलक आठवला. त्यावर तुमचे नाव आहे, पण ती रक्कम आईने दोन हंगामांच्या रोवणीच्या मजुरीतून बाजूला काढली होती, हे तुम्हीच आल्यागेल्याला कौतुकाने सांगता. बुद्धपौर्णिमेपूर्वी फलक नव्याने रंगवायचा आहे असे तुम्ही म्हणाला होता; तेव्हा समितीशी बोलून तिचे नाव वेगळ्या ओळीत लिहून घ्यावे, अशी माझी विनंती आहे. रंगाऱ्याचे पैसे मी पाठवीन. आणि आई, हे पत्र बाबा वाचून दाखवत असतील, तर ‘कशाला उगीच’ असे म्हणू नकोस.

नाताळच्या सुटीत येते आहे. जवळच पवनीला जगन्नाथ टेकडीवर १९६९-७० च्या उत्खननात सापडलेला स्तूप आहे, तो तरी तिघांनी मिळून पाहू.

तुमची,
माई