बर्डीच्या विक्रेत्यांना हटवताना जागाही द्या

संपादक महोदय,

सीताबर्डीच्या मुख्य रस्त्यावर अतिक्रमणविरोधी पथक येते, हातगाड्या आणि टेबले उचलली जातात आणि थोड्याच दिवसांत तीच माणसे त्याच जागी परत बसतात, हे आपण नागपूरकर वर्षानुवर्षे पाहत आलो आहोत. गेल्या वर्षी मुलाकडे टोकियोला गेलो असताना अकिहाबारा ही बाजारपेठ पाहिली आणि हाच प्रश्न तिथे पाऊणशे वर्षांपूर्वी कसा सुटला हे समजले, म्हणून हे पत्र लिहीत आहे.

अकिहाबारा आज जगभर ओळखले जाते ते ॲनिमेसाठी, म्हणजे जपानी ॲनिमेशनसाठी. स्थानकाबाहेर येताच इमारतींवर ॲनिमेतील पात्रांची भव्य चित्रे दिसतात आणि रेडिओ काइकान या बहुमजली इमारतीत त्या पात्रांच्या छोट्या मूर्तींची दुकानेच दुकाने आहेत. नातीने सांगितलेली मूर्ती मी तिथेच घेतली. मात्र आयुष्यभर तंत्रनिकेतनात इलेक्ट्रॉनिक्स शिकवलेला मी खरा रमलो तो रेल्वेच्या उन्नत मार्गाखालच्या रेडिओ सेंटरमध्ये. समोरून कोणी आले तर अंग चोरून उभे राहावे लागेल अशा बोळांत रेझिस्टर, कपॅसिटर, स्विच आणि तारा यांनी भरलेले लहान लहान गाळे आहेत, आणि गाळेवाला बसल्या जागेवरून हवा तो सुटा भाग काढून देतो.

हे गाळे तिथे कसे आले, हे महत्त्वाचे आहे. दुसऱ्या महायुद्धानंतर या भागात रस्त्याच्या कडेला रेडिओच्या सुट्या भागांचा बाजार भरू लागला, कारण जवळच विद्युत अभियांत्रिकीचे विद्यालय होते आणि तिथले विद्यार्थी भाग विकत घेऊन स्वतः रेडिओ जोडत असत. १९४९ मध्ये रस्त्यावरची दुकाने हटवण्याचा आदेश निघाला. विक्रेत्यांनी दाद मागितली आणि त्यांना स्थानकालगत रेल्वेमार्गाखाली जागा मिळाली. रस्ता मोकळा झाला, तरी बाजार मोडला नाही. पुढे तिथे दूरदर्शन संच आणि धुलाई यंत्रे आली, मग संगणक आले, आणि संगणकाचा छंद असलेल्या तरुणांनाच ॲनिमे व व्हिडिओ गेमची आवड असल्याने १९९० च्या दशकापासून ती दुकानेही तिथेच वाढली. आजच्या झगमगाटाचे मूळ त्या रेडिओवाल्यांत आहे.

बर्डीतील दुकानदारांची तक्रार मला खोटी वाटत नाही. दारासमोर टेबल लागले तर गिऱ्हाईक आत येत नाही आणि सणासुदीच्या गर्दीत अग्निशमन दलाचा बंब व्हेरायटी चौकातून लोहापुलापर्यंत कसा पोहोचेल, याची चिंता कोणालाही वाटावी. (अकिहाबारा हे नावही आगीशीच जोडलेले आहे: १८६९ च्या आगीनंतर मोकळ्या ठेवलेल्या जागेत अग्निरक्षक देवतेचे देऊळ बांधले गेले, त्यावरून ते पडले.) म्हणूनच रस्ता मोकळा करणे आणि विक्रेत्याला जागा देणे ही दोन्ही कामे एकत्रच झाली पाहिजेत. २०१४ चा पथविक्रेता कायदाही हेच सांगतो: सर्वेक्षण होऊन प्रमाणपत्रे दिली जाईपर्यंत कोणालाही हटवता येत नाही, आणि नगर पथविक्रेता समितीत किमान ४० टक्के सदस्य विक्रेत्यांचे प्रतिनिधी असावे लागतात.

माझी मागणी अशी की, महापालिका आणि मेट्रो प्रशासनाने मिळून मुंजे चौकातील स्थानकाच्या परिसरात व आसपासच्या सार्वजनिक जागांत किती गाळे बसू शकतात याची मोजणी करावी आणि ती विक्रेत्यांच्या यादीसह दिवाळीपूर्वी जाहीर करावी. माझे दोन जुने विद्यार्थी बर्डीत छत्रीखाली बसून मोबाइल दुरुस्त करतात. त्यांना चार फूट बाय तीन फूट जागा, डोक्यावर छप्पर आणि स्वतःच्या नावावर वीजमीटर हवा आहे, आणि त्याचे भाडे भरायला ते आजही तयार आहेत.

आपला,
एक निवृत्त अध्यापक, धरमपेठ, नागपूर