उद्या सँटोरिनी : उतरण्याआधी वाचा

मंडळी, उद्या सकाळी आपलं जहाज ग्रीसच्या सँटोरिनी बेटाच्या कॅल्डेरात, म्हणजे समुद्राने भरलेल्या ज्वालामुखीच्या खळग्यात थांबेल. मोठ्या जहाजांना इथे धक्का नाही, छोट्या बोटीने किनारा गाठायचा.

फिरा या इथल्या मुख्य गावाच्या जुन्या बंदरावरून वर गावात जायला केबल कार आहे किंवा सुमारे ६०० पायऱ्या. गुडघे कुरकुरत असतील तर पायऱ्यांचा नाद सोडा. दगड झिजून गुळगुळीत झालेत, त्यावर गाढवांची लीद. गाढवावर बसू नये असं माझं मत. भर उन्हात त्या मुक्या जिवांवर आपलं ओझं कशाला?

ज्वालामुखीवर चालायचंच असेल तर बोटीने नेआ कामेनी या कॅल्डेरातल्या ज्वालामुखी बेटावर जा. काळा, खडबडीत लाव्हा, मधेच गंधकाचा वास, सावली नावालाही नाही. शेवटचा उद्रेक १९५० चा. चपला नकोत, बूट घाला, पाणी भरपूर न्या. ऊन सोसत नसेल त्यांनी आक्रोतिरी बघावं. राखेखाली गाडलं गेलेलं ते प्राचीन नगर आता छपराखाली आहे.

परतीला केबल कारची रांग बरीच लांबते. शेवटच्या बोटीच्या निदान दीड तास आधी रांगेत लागा. जहाजाचं कार्ड जवळ हवंच, घड्याळही जहाजाच्या वेळेवर. उशीर झाला तर जहाज थांबणार नाही.